आवसेला पडणारं मशीन

डेअरीच्या संगणकाला लिंबू-मिरची बांधलेली दिसली, तेव्हा मी ती तोडली आणि रस्त्यावर फेकली. कुणाला विचारलं नाही. विचारून तोडावी अशी ती वस्तूच नव्हती.

"तात्यांनी बांधलीय ती, भाऊजी," वहिनी म्हणाली. "आता तुमीच सांगा त्यास्नी."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. डेअरीच्या संगणकावर तीच बसायची. तात्या म्हणजे डेअरीचे अध्यक्ष. मी त्या काळात पुण्यातल्या एका संघटनेचं काम करायचो, म्हणजे पत्रकं लिहायचो आणि वाटायचो. लेण्याद्रीच्या पायऱ्यांखाली उभा राहून, गणपतीला चाललेल्या माणसांच्या हातात अंधश्रद्धेविरुद्धचा कागद कोंबणारा जो तरुण लोकांना आठवत असेल, तो मी. लोक कागद घ्यायचे, वर जायचे, आणि येताना त्याच्यात प्रसादाच्या खडीसाखरेचा चुरा बांधून आणायचे. असला माणूस आणि त्याच्याच वहिनीच्या संगणकाला लिंबू-मिरची. डोकं फिरणार नाही तर काय होईल.

आमचं गाव हमरस्त्यावरच्या पेठ गावापासून आत आहे. नव्वदच्या दशकात मी शाळेत जात होतो तेव्हा डेअरीत एक सेक्रेटरी, एक माप आणि कानावर खोचलेली पेन्सिल एवढाच कारभार होता. नवं शतक लागल्यावर पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला संगणक विकला. काट्यावर बरणी ठेवली की लिटर आपोआप आत जाणार, फॅटच्या मशीनमधून फॅट आत जाणार, आणि खर्र करून पावती बाहेर येणार. बसायचं कुणी, हा प्रश्न होता. कमिटीतल्या कुणाच्या घरात टायपिंग येणारं माणूस नव्हतं. वहिनी मंचरला क्लासला जायची. भाकऱ्या टाकून, गोठा आवरून, एसटीनं. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती, त्यात माझी आईसुद्धा. पण ती शिकली, आणि खुर्ची तिला मिळाली. गावातली पहिली बाई जिच्यासमोर पुरुष रांगेत उभे राहायचे. पाटील असो, कोणी असो, रांगेत. "फॅट काय लागली, वहिनी?" असं विचारायचे. तिला ते किती आवडायचं हे ती कधी बोलली नाही, पण डेअरीला जाताना ती वेगळी चालायची.

मग मशीन पडायला लागलं.

पडणं म्हणजे असं. दूध घेऊन झालं की संध्याकाळची पाळी बंद करायची असते. एक बटण दाबलं की संगणक त्या पाळीची सरासरी काढतो, दिवसभराचा हिशोब बांधतो, आणि महिन्याच्या हिशोबात टाकतो. वहिनी ते बटण दाबायची आणि कधीतरी पडदा गोठायचा. मधोमध एक चौकट यायची. इंग्रजीत. कार्यक्रम बंद करावा लागतोय, काय झालं त्याचा रिपोर्ट ठेवायचा का? हो किंवा नको. वहिनी नको दाबायची. मशीन बसवायला आलेल्या पोरानंच तसं शिकवलं होतं, "असलं काही आलं की नको म्हणायचं आणि परत चालू करायचं." आणि तसंही आमच्याकडे रिपोर्ट ही चांगल्या घरातली गोष्ट नाही. रिपोर्ट झाला की मागोमाग चौकशी येते, आणि चौकशी आली की ती धाकट्यावर येते.

परत चालू केल्यावर दिसायचं की त्या दिवशीचं सकाळचं दूध गायब. हिशोब अर्धा बांधून झालेला असताना मशीन पडलं की अख्खा दिवस जायचा.

दहा दिवसांनी बिल यायचं आणि खिडकीवर भांडण यायचं.

"माझ्या डोळ्यांदेखत मापलं तू. आन् बिलात न्हाई. मंग गेलं कुठं? तुझा संगनक पितो का?"

"पावती दावा ना, आबा."

"पावती मलमलच्या सदऱ्यात व्हती. धुतली तुझ्या काकीनं."

पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा कुजबुजले. वहिनीचं माहेर शेजारच्या वस्तीवरचं, आणि माहेरचं दूध याच डेअरीला येतं, हे अचानक सगळ्यांना आठवलं. ज्यांनी तिच्याविरुद्ध बोलायचं नाही ठरवलं, त्यांनी दुसरं कारण काढलं. मशीन आवसेलाच पडतं. जागा नडते. तात्या ह्या दुसऱ्या पक्षाचे. म्हणून लिंबू-मिरची.

मला दोन्ही पक्षांचा सारखाच संताप यायचा. एकीकडे बाईला चोर ठरवणारे, दुसरीकडे अमावस्येला. मी तात्यांना म्हणालो, "संगणकाला तिथी कळत नाही. पडतं कधीही, तुम्हाला आवसच तेवढी लक्षात राहते."

"बरं पत्रकवाले," तात्या म्हणाले. "तू म्हनशील तसं. पन आता कमिटीनं ठरवलंय. अजून एकदा पडलं की सूनबाईनं खुर्ची सोडायची. माझा पुतण्या बसंल."

"त्याला काय येतं?"

"मंचरच्या कॅफेत जातो की रोज."

"गेम खेळायला जातो, तात्या."

"मंग? बटनंच दाबायची ना हितं तरी?"

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि सकाळी मी उठलो तो पत्रकाचा मजकूर डोक्यात घेऊनच. जुन्नरला एक चाचा छापखाना चालवायचे. आमची पत्रकं तिथंच निघायची, कारण ते उधारीबद्दल कमी आणि शुद्धलेखनाबद्दल जास्त बोलायचे. मी मजकूर दिला. शीर्षक होतं, 'संगणकाला अमावस्या बाधते काय?' चाचांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"बाधते का नाही बाधते, बघितलंय का तुम्ही?"

"त्यात बघायचं काय?"

"नाही, विचारलं आपलं. तुमचं पत्रक आधी येतं आणि पुरावा मागनं. जुळवून ठेवतो. छापायचं तुम्ही सांगा तेव्हा."

तिथूनच मी कंपनीला फोन लावला. प्रोग्राम लिहिणारा पोरगाच फोनवर आला, माझ्याच वयाचा असेल. मी त्याला पाच मिनिटं झापलं. शेतकऱ्याच्या दुधावर कंपनी मोठी करता, बिघडलेला माल गळ्यात मारता, गरिबाची नोकरी घेता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"रिपोर्ट पाठवा ना," तो म्हणाला.

"कसला रिपोर्ट?"

"पडल्यावर चौकट येते ती. हो म्हटलं की फाइल तयार होते. ती मेल करा."

"आम्ही नको म्हणतो."

"मग मला कसं कळणार कुठं पडलं?"

"कुठं म्हणजे? डेअरीत पडलं."

तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. मग त्यानं समजावलं, आणि ते मात्र डोक्यात बसलं. म्हणाला, "पंचनामा समजा. प्रोग्राम पडताना कुठल्या ओळीवर होता, त्याच्या हातात कुठले आकडे होते, ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्याशिवाय मी नुसता अंधारात चाचपडतो. आणि दुसऱ्या एकाही गावात हे होत नाहीये, म्हणजे इथं बसून मला ते पाडताही येत नाही."

दुसऱ्या गावात होत नाही. हे वाक्य घेऊन मी एसटीत बसलो आणि सगळा रस्ता ते चावत आलो. दुसऱ्या गावात होत नाही म्हणजे काय? म्हणजे आमची माणसं चोर, का आमची जागा वाईट? कंपनीसुद्धा तात्यांच्याच बाजूला गेली होती की.

अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या दोन पोरांना गाठून विचारलं. ते म्हणाले, व्हायरस असेल. आजार कळला नाही की डॉक्टरही असंच म्हणतात.

घरी येऊन वहिनीला सांगितलं, की आता एकच मार्ग. मशीन पुन्हा पडलं की हो दाबायचं. फाइल फ्लॉपीवर घेतो, मंचरहून मेल करतो.

ती गोठ्यात शेण भरत होती. पाटी खाली ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी मशीन पडाय पायजे?"

"हो."

"आन् पडलं की मला उठवनार."

मी गव्हाणीतली वैरण सारखी करायला लागलो.

"तुमचं बरंय, भाऊजी. मशीन पडलं की तुमाला पत्रकाला मजकूर मिळतो. माझी खुर्ची जाती. मी हितं देवाला हात जोडतीय की पडू देऊ नको, आन् तुमी म्हनता पडू द्या."

"नाही पडलं तर कधी कळणारच नाही. पुढल्या महिन्यात पडेल. कधीतरी पडेलच."

"पुढल्या म्हैन्याचं पुढल्या म्हैन्यात."

ती पाटी उचलून निघून गेली. तिचं चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. पण मी रोज संध्याकाळी डेअरीच्या दारात जाऊन उभा राहू लागलो. दूध घेणं संपायचं, ती बटण दाबायची, मी श्वास धरायचो. मशीन व्यवस्थित चालायचं. ती माझ्याकडे न बघता दिवा घालवायची आणि मी हिरमुसून घरी यायचो. अमावस्या जवळ यायला लागली तशी माझी तगमग वाढली. अंधश्रद्धेवर पत्रकं काढणारा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरात काळा गोल कधी येतोय ते बघत होता.

अमावस्येला संध्याकाळी वस्तीत खिरीचा वास सुटला होता. वेशीवरच्या देवाजवळ चुली पेटल्या होत्या. वहिनी लवकर डेअरीत आली. तिला पाळी बंद करून खिरीच्या पातेल्याकडे जायचं होतं. मी दाराशी. तिनं बटण दाबलं.

पडदा गोठला आणि चौकट आली.

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. तीन वर्षं लोकांना जे शिकवत होतो त्यातलं एकही वाक्य तेव्हा तोंडात आलं नाही.

वहिनीचा हात 'नको'वर गेला होता. माझ्याखेरीज कुणी बघितलं नव्हतं. नको दाबून, सकाळच्या नोंदी आठवून आठवून परत भरल्या असत्या तर कदाचित खपूनही गेलं असतं. तिनं हात मागं घेतला, पदराला पुसला.

"गेली तर गेली," ती म्हणाली, आणि हो दाबलं.

खाली एक रिकामी जागा आली. काय करत होतात ते लिहा. तिनं दोन बोटांनी लिहिलं, रोजचं काम. मी वाचलं आणि मान हलवली. बरोबरच होतं. मग ती उठली, रस्त्यानं देवाकडे चाललेल्या एका म्हाताऱ्याला स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "मशीन पडलं म्हनून तात्यांना सांगा," आणि खीर ढवळायला गेली.

मी फ्लॉपी चपातीच्या डब्यात घालून सकाळच्या पहिल्या गाडीनं मंचरला गेलो. धुळीनं फ्लॉपी मरते असं कुणीतरी सांगितलं होतं. फाइल गेली. दुपारी डेअरीत फोन वाजला. मी उचलला, वहिनी शेजारी. ती खुर्चीवर नव्हती, उभी होती. तात्यांचा निरोप येऊन गेला होता, दोन दिवसांनी कमिटी.

"सापडलं," पुण्याचा पोरगा म्हणाला. "म्हणजे जागा सापडली. सरासरी फॅट काढताना पडतं. पाळीच्या एकूण लिटरनं भागतो ना आपण? तिथं लिटर शून्य आहेत. शून्यानं भागलं की प्रोग्राम पडणारच."

"शून्य लिटर? अहो, डेअरी आहे ही. भर उन्हाळ्यात आमच्याकडे शून्य दूध कधी झालं नाही."

"रिपोर्टमध्ये शून्य आहे. काटा नीट जोडलाय?"

"जोडलाय."

"वायर उंदरानं वगैरे?"

मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली सकाळी त्याच वायरनं मापलं.

"बरं, काल सव्वासहाला पडलंय. त्या वेळी रांगेत किती लोक होते? गर्दीत काही घाईनं दाबलं गेलं का?"

मी पुन्हा विचारलं.

"रांगंत कोन असनार?" वहिनी म्हणाली. "आवस व्हती ना."

मी ते फोनवर तसंच सांगितलं.

"अमावस्येला लोक दूध घालत नाहीत?"

"संध्याकाळचं नाही घालत. देवाचं असतं ते. खीर करतात."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. अख्ख्या गावाचं, वस्त्यांसकट, देवाला जातं."

"आणि दूध नसताना तुम्ही पाळी का बंद करता?"

"न्हाई केली तर सकाळची उघडत न्हाई," वहिनीनं माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं. "रिकामी का असंना, बंद करावीच लागती."

"अहो, मग हे लिहिलं का नाही? तुम्ही लिहिलंय रोजचं काम."

"आवसंला तेच रोजचं काम असतं, साहेब."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं हसायलाच लागलो. वहिनी पदर तोंडाला लावून, मी काट्याला धरून. आदल्या संध्याकाळी मी स्वतः दोन वाट्या खीर खाल्ली होती. लहानपणापासून खात होतो. देव मानत नाही म्हणून पाया पडत नव्हतो, पण खिरीचं दूध येतं कुठून आणि डेअरीत कुठलं येत नाही, हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नव्हता. दुसऱ्या गावात मशीन पडत नव्हतं, कारण दुसऱ्या गावात देवाला एवढं दूध लागत नव्हतं.

पोरगा म्हणाला होता, दुरुस्त सीडी पाठवायला आठ-दहा दिवस लागतील. कमिटी त्याच्या आत होती.

कमिटी दुपारी भरली. वहिनीनं आधी सकाळच्या दुधाचा हिशोब फ्लॉपीवर उतरवून घेतला, मगच सगळ्यांना संगणकासमोर बोलावलं.

"आज आवस न्हाई," ती म्हणाली. "ऊन बघा भायेर. आता मी मशीन पाडून दावते."

तिनं रिकामी पाळी उघडली, एक थेंब दूध न घेता बंद केली. पडदा गोठला. चौकट आली. मी विजयानं सगळ्यांकडे बघितलं. मला वाटलं, झालं, जिंकलो.

"बघा," कोपऱ्यातून आबा म्हणाले, तेच धुतलेल्या सदऱ्याचे. "हिला पाडता येतं. मी म्हनत न्हवतो?"

आणि माना हलल्या. खरंच हलल्या. मी भाषणाला उभा राहिलो. शून्य, भागाकार, लिटर, पुण्याचा पोरगा. मी जितकं बोललो तितकं त्यांना वाटलं, ह्या दोघांनी मिळून काहीतरी केलंय. तात्या हाताच्या पंजानं मला खाली बसवत होते. पुतण्या दारात चावी फिरवत उभा.

वहिनीनं मशीन परत चालू केलं आणि खुर्चीवरून उठली. मला वाटलं, सोडतेय.

"तात्या, बसा," ती म्हणाली.

"मी? मला काय येतंय?"

"बटनंच दाबायची ना हितं तरी? बसा."

पुतण्यासुद्धा हसला. तात्यांना बसावं लागलं. तिनं त्यांच्या खांद्यावरून बोट दाखवलं, हे उघडा, आता हे दाबा. तात्यांनी एका बोटानं, विंचवाला हात लावावा तसं, दाबलं. पडदा गोठला.

पुतण्याच्या हातातली चावी फिरायची थांबली.

"आता तात्यांनी पाडलं," कोणीतरी मागून म्हणालं. "सकाळचं दूध तात्यांनी प्यालं."

मग मात्र हशा झाला. आबा सगळ्यांत शेवटी हसले, पण हसले. तात्या चौकटीकडे बघत होते.

"हे काय विचारतंय?"

"रिपोर्ट ठेवायचा का म्हनतंय. हो दाबा."

"रिपोर्ट म्हंजी कुनाच्या नावावर?"

"मशीनच्या."

त्यांनी दाबलं. खाली रिकामी जागा आली. काय करत होतात. वहिनीनं वाकून कीबोर्ड पुढं ओढला आणि विचारलं, काय लिहू. तात्यांनी जरा विचार केला.

"ल्ही. दूध नव्हतं."

खुर्चीचा विषय कुणी काढला नाही. माफीही मागितली नाही कुणी. ज्यांनी तिच्या माहेराचं नाव घेतलं होतं ते दुसऱ्या सकाळी बरण्या घेऊन रांगेत होते आणि फॅट विचारत होते. मला त्याचा अजून राग आहे. तिला आहे की नाही, विचारलं तर म्हणते, चाललंय की काम. जुन्नरला जाऊन मी चाचांना जुळवलेला मजकूर मोडायला सांगितला. संगणकाला अमावस्या बाधते काय? बाधत होती. ते छापायचं कसं, हे मला कळेना. चाचा अक्षरांचे खिळे परत खणात टाकत होते आणि हसत होते.

पुढच्या अमावस्येच्या आत सीडी आली. त्या संध्याकाळी मी पुन्हा दारात. आत, बाहेर, आत, बाहेर. वहिनीनं बटण दाबलं. खर्र झालं आणि शून्यांची लांबलचक पावती बाहेर आली. तिनं ती फाडून खिळ्याला लावली, दिवा घालवला, कुलूप घातलं, चावी कमरेला खोचली.

दाराच्या चौकटीला नवी लिंबू-मिरची होती. तात्यांचीच. माझा हात वर गेला.

"असू द्या की, भाऊजी," ती म्हणाली आणि खिरीच्या वासाच्या दिशेनं चालायला लागली. "तिनं काय मशीन पडत न्हाई."